डावा कौल

देवीवर माझा विश्वास आहे का, या प्रश्नाला या वयातही मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. रोज दिवा लावते, मंगळवारी ओटी भरते, नवरात्रात घट बसवते. पण आमच्या नारायणगुड्याच्या भजनी मंडळात बायका आपापले अनुभव सांगू लागल्या की मी चहाचे कप गोळा करायला उठते. कुणाचं दुखणं अंगाऱ्यानं गेलेलं असतं, कुणाच्या मुलाला ऐन वेळी स्थळ मिळालेलं असतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांना वाटतं. आहे. पण ते गोड नाही, आणि मंडळात गोडच चालतं.

परवा तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, की तुम्ही दोघं तिकडे त्यांना दोन प्रश्न विचारत होतात. आत्या नेहमी कुजबुजल्यासारखी का बोलते? आणि सगळे काका-आजोबा महाराष्ट्रात असताना आपणच तेवढे हैदराबादला का राहिलो? बाळांनो, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते मी क्रमाने लिहून ठेवते. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. फक्त त्यांना मधली वाक्यं गाळू देऊ नका. कडू भाग गाळायची त्यांना लहानपणापासून सवय आहे.

तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत महसूल खात्यात होते. उस्मानाबादकडच्या शेतकरी घरातले, पण शिक्षण सगळं उर्दूत, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावची जमीन धाकट्या मुलाकडे सोपवून आमच्याकडे राहायला आलेल्या. मी शहरात वाढलेली, कॉलेजात इंग्रजी शिकलेली; त्यामुळे सासूबाई मला रागाच्या दिवशी ‘कालेजवाल्या बाई’ म्हणत आणि बऱ्या दिवशी ‘सूनबाई’. चौथी नलू, तुमची आत्या, आमची थोरली. तुमचे बाबा अजून जन्मायचे होते.

नलू सात-आठ वर्षांची असेल. तिचा आवाज मोठा होता. हे तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. संध्याकाळी दिवेलागणीला सासूबाई तिला समोर बसवून परवचा म्हणून घेत. पाढे, पावकी, निमकी. शेजारच्या तेलुगू बाई ओसरीवरून हसत म्हणायच्या, “तुमच्या नलूमुळे आमची मुलंसुद्धा मराठीत मोजायला लागली.” सासूबाईंना शाळा माहीत नव्हती, पण पाढे त्यांच्या अंगात मुरलेले होते. त्या एक ओळ सोडायच्या आणि नलूने ती पकडायची, असा दोघींचा खेळ चाले.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिचा गळा भरल्यासारखा दिसू लागला. पहिल्यांदा बायकांनी कौतुकच केलं. पोर अंगानं भरतेय, गळ्यात ठुशी शोभून दिसेल म्हणाल्या. मग ती गाठ हाताला लागायला लागली. गलगंडाला लावतात तो लेप बेगम बाजारातून आणून लावला. काही उपयोग झाला नाही. पावसाळा सरता सरता ती गाठ इतकी घट्ट झाली, की बोटाने दाबली तर लाकूड दाबल्यासारखं वाटे. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही थोडे निर्धास्त होतो. पण तिच्या श्वासाला शिट्टीसारखा एक बारीक आवाज येऊ लागला. आधी झोपेत, मग जिना चढताना, मग बसल्या जागी. शेवटी तिला आडवं निजताच येईना. माझ्या छातीला पाठ टेकून ती बसल्या बसल्या झोपायची, आणि तो आवाज माझ्या छातीत वाजत राहायचा.

मोठ्या इस्पितळात एक शल्यवैद्य होते. गुलबर्ग्याकडचे कानडी गृहस्थ. मराठी त्यांना समजायची, बोलायची मात्र मोडकीतोडकी. त्यांनी नलूचा गळा बराच वेळ तपासला. नंतर तिला नर्सबरोबर बाहेर पाठवून ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. गळ्यातली ग्रंथी लाकडासारखी कडक होत चालली आहे आणि ती श्वासनळीला सगळीकडून आवळते आहे, असं ते म्हणाले. हा आजार मोठ्या माणसांतही क्वचित दिसतो. लहान मुलात त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. ती ग्रंथी सबंध काढता येत नाही, कारण ती आजूबाजूच्या सगळ्याला चिकटून बसते. मधला तुकडा पाचरीसारखा कापून काढायचा आणि श्वासनळी मोकळी करायची, एवढंच हातात होतं.

“आणि भूल?” मी विचारलं.

ते म्हणाले, भूल देता येणार नाही. आडवं करून झोपवलं तर नळी मिटेल. गळ्यापुरती बधिर करणारी सुई द्यायची, मुलीला अर्धवट बसतं ठेवायचं आणि काम चालू असताना तिला सारखं बोलतं ठेवायचं. आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच जाते. आवाज बदलला की हात कुठे थांबवायचा ते कळतं. आणि हे लवकर करायला हवं. जितका उशीर, तितकी ती नस त्या लाकडात रुतत जाणार.

उशीर न करण्याचं दुसरंही कारण होतं. ते छप्पन साल राज्यांच्या फेररचनेचं होतं. आमचं जुनं हैदराबाद संस्थान भाषेप्रमाणे तीन ठिकाणी वाटलं जाणार होतं. तेलुगू मुलूख आंध्राकडे, आमचा मराठवाडा मुंबई राज्याकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. तुम्ही शाळेत नकाशा शिकलात. आम्ही तो घरातलं सामान बांधून शिकलो. कचेरीतली माणसंही अशीच वाटली गेली. आजोबांचं नाव मुंबई राज्याकडे लागलं होतं. औरंगाबादला हजर व्हायचं होतं. ट्रंका बांधून ओसरीत ठेवलेल्या होत्या. ते कानडी डॉक्टर म्हैसूरकडे लागले होते. त्यांच्या जागी कोण येणार, त्याला हे काम जमेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. “मी जायच्या आत करून घ्या,” ते म्हणाले आणि त्यांनी वार ठरवून दिला.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “लेकराच्या गळ्याला शस्त्र लावायचं, अन् देवीला विचारायचं नाही?”

आमच्या घरात मोठी गोष्ट कौल लावल्याशिवाय ठरत नसे. जमीन घेणं, सोयरीक, विहिरीची जागा, सगळ्याला कौल. देवघरात तुळजाभवानीचा चांदीचा टाक होता. त्याच्या दोन्ही अंगांना कण्हेरीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि हात जोडून बसायचं. देवीची उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. माझ्या लग्नालाही म्हणे उजवा कौल मिळाला होता. सासूबाई ते मला अधूनमधून ऐकवत. कधी शाबासकी म्हणून, तर कधी देवीच्या चुकीचा दाखला म्हणून.

आम्ही सगळे देवघरासमोर बसलो. नलू माझ्या मांडीवर, शिट्टीसारखा श्वास ओढत. सासूबाईंनी विचारलं, “आई, नातीच्या गळ्याला शस्त्र लावू का?” थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डावी पाकळी हळूच सरकली आणि ताम्हनात पडली.

“खिडकी उघडी आहे,” मी म्हणाले. “वाऱ्याने पडली.”

“वारा कोणाच्या हुकमानं वाहतो, कालेजवाल्या बाई?”

मी आजोबांकडे पाहिलं. कायद्याची कलमं तोंडपाठ असलेला माणूस, साहेबाच्या शेऱ्यावर उलट शेरा मारणारा. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “आई नाही म्हणते तर थोडं थांबू. औरंगाबादला गेल्यावर तिथे दाखवू.” मी भांडले, रडले, दोन वेळचं जेवले नाही. ठरवलेला वार आला आणि गेला. इस्पितळात जाऊन नकार कळवायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. “तुमच्या घरातल्यांचं भय मला समजतं,” एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी दिवा लावणं बंद केलं. सासूबाई स्वतः लावत. देवघरावरून जाताना मी देवीकडे पाहत नसे. मनातल्या मनात मात्र तिच्याशी सारखी भांडत असे. लेकरू तू दिलंस, गाठ तू दिलीस, उपाय सांगणारा माणूसही दारात आणून ठेवलास, आणि मग पाकळीच्या आड लपून नाही म्हणालीस. तुला बोलायचंच होतं तर माझ्याशी इंग्रजीत बोलायचं होतं, असंही एकदा म्हणाले. इतका कडवटपणा माझ्यात होता हे मलाच ठाऊक नव्हतं.

नव्या राज्याचा दिवस उजाडला. गावात आनंदीआनंद होता. दाराला तोरणं, चौकाचौकात मिठाई. आमच्यासारख्यांच्या घरी मात्र सुतळी आणि पोती. आजोबा दुपारी कचेरीत निरोपसमारंभाला गेले होते. ते गेल्यावर थोड्याच वेळात नलू पाणी पिताना ठसकली, आणि तो श्वास परत वळेचना. मान मागे टाकून, दोन्ही हातांनी माझं मनगट धरून ती हवा ओढू लागली. ओठ जांभळे पडले. मी रिक्षा थांबवली. सासूबाई देवघरातून तशाच उठून आल्या आणि नलूला मांडीवर घेऊन आधी चढून बसल्या.

काचीगुड्याच्या चौकात मिरवणूक होती. बँड, गुलाल, तेलुगू घोषणा, रस्ता गच्च. रिक्षावाल्याने घंटा वाजवून वाजवून शेवटी मागे वळून सांगितलं, “अम्मा, जुलूस है. आगे रस्ता नै, पीछे भी लोगां भर गए.” मग तो पायडलवर उभा राहून ओरडायला लागला, “रस्ता देओ भई, बच्ची का दम घुट रा!” त्याचा आवाज बँडमध्ये बुडून गेला.

आमच्या शेजारी एक टांगा अडकला होता. पाठीमागे ट्रंका, होल्डॉल. त्यातला माणूस कान देऊन ऐकत होता. बँड क्षणभर थांबला तेव्हा नलूचा तो शिट्टीचा आवाज मोकळा ऐकू आला, आणि तो माणूस टांग्यातून खाली उतरला. ते आमचे कानडी डॉक्टर होते. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती; बायको-मुलं आधीच काचीगुडा स्टेशनवर जाऊन बसलेली. आदल्या संध्याकाळीच ते कामातून मोकळे झाले होते. मिरवणूक नसती तर तेही तिथे नसते आणि आम्हीही नसतो. हे मी नुसतं लिहून पुढे जाते. याचा अर्थ काय लावायचा, हे मी कित्येक वर्षं ठरवू शकले नाही, तुम्ही लावा.

त्यांनी नलूला सासूबाईंच्या मांडीवरून उचललं, बसती ठेवून खांद्याशी धरलं आणि टांगेवाल्याला सांगितलं, “सामान स्टेशनवर पोचव. बाईंना सांग, पुढे जा.” मग ते गर्दीत घुसले. “दारी इव्वंडी! दारी इव्वंडी!” तेलुगूत वाट मागत. आम्ही दोघी त्यांच्या मागे. मिरवणुकीच्या पुढे झेंडूच्या माळांनी मढवलेली एक जीप होती. तिच्यात हार घातलेला कुणी पुढारी उभा होता. डॉक्टरांनी त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्याचं मी पाहिलं. तो माणूस लगेच खाली उतरला आणि त्याने आम्हाला हात देऊन वर चढवलं. तो काय म्हणाला मला कळलं नाही. जीप वळली, मिरवणूक मागे राहिली. ज्या राज्याने आमची माणसं इकडून तिकडे केली, त्याच्या आनंदासाठी सजवलेल्या गाडीतून माझी मुलगी इस्पितळात गेली. त्या गृहस्थांचं नाव आम्हाला कधीच समजलं नाही.

इस्पितळात नवा पेच उभा राहिला. डॉक्टर आता तिथले कुणी नव्हते. नवे साहेब अजून रुजू झालेले नव्हते. एक तरुण डॉक्टर हात चोळत सारखा म्हणू लागला, “सर, तुमचा चार्ज संपला आहे, उद्या मला विचारतील.” तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. केरळकडच्या ख्रिस्ती, उंच, सगळ्यांना धाक असलेल्या. त्यांनी नलूकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “आपकू किसने बोला आप चले गए? मेरेकू तो कागज नहीं आया.” आणि किल्ल्या काढून त्या थिएटर उघडायला चालू लागल्या.

डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, “मुलीला बोलतं ठेवायला कुणीतरी आत हवं. रडणारं माणूस चालणार नाही.” मी तेव्हा रडत होते. डोळे पुसले तरी थांबत नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, “मी जाते.”

ज्या बाईने कधी इस्पितळातलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, ती पदर खोचून उभी होती. त्या वेळीही माझ्या तोंडून गेलंच, “देवी नाही म्हणाली आहे ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “देवीला मी मागून तोंड देईन, सूनबाई. आधी लेकराला बघू दे.” मेट्रनने त्यांच्या नऊवारीवरून पांढरा झगा चढवला आणि दार लागलं.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. कडुनिंबावर ऊन होतं. लांबून अजून बँड ऐकू येत होता. आतून सासूबाईंचा स्वर आला, रोजच्या दिवेलागणीसारखा, घाई नाही, कंप नाही. “हं, बे एके?” आणि मग नलूचा आवाज, चिरका, तुटक, पण तिचाच. बेचा पाढा, तीनचा, चारचा. मध्ये ती कण्हली, आई म्हणाली, पुन्हा पाढ्यावर आली. सासूबाई तिला सोपे पाढे देत नव्हत्या. अवघड पाढ्यात लक्ष गुंततं, हे त्यांना रोजच्या सवयीने ठाऊक होतं. एकोणतीसचा सुरू झाला. “एकोणतीस दुणे?” “अठ्ठावन्न.” “त्रिक?” “सत्त्याऐंशी.” “चोक?” “सोळोदरसे.” म्हणजे एकशे सोळा. “पाचे?”

उत्तर आलं नाही.

“पाचे?” सासूबाईंनी पुन्हा विचारलं. डॉक्टर काहीतरी भराभर बोलले. एक भांडं वाजलं. मग सासूबाईंचा एकटीचा आवाज पुढे चालू राहिला. पाचे, सक, साते. त्या विचारत होत्या आणि मध्ये उत्तराएवढी जागा सोडत होत्या, आणि त्या जागेत काहीही नव्हतं.

माझी मुलगी गेली, असं मी समजले. म्हातारी मेलेल्या लेकराशी बोलते आहे, असं मला वाटलं. आणि मग जे झालं, तेच मी मंडळात कधी सांगू शकले नाही. इतके आठवडे देवीशी भांडणारी मी, माझ्यात भांडणच उरलं नाही. मी हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. कडुनिंबाकडे पाहत एकच शब्द म्हणाले. घे. तो शब्द निघाल्याबरोबर माझ्या आत अशी शांतता उतरली, की तशी मला आधी कधी मिळाली नव्हती, नंतरही नाही. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवून बाजूला बसावं, तसं वाटलं. बाक रिकामाच होता. पुस्तकांतून ज्याला कृपा म्हणतात ती हीच असावी असं मला वाटतं, आणि म्हणूनच ती मला बोचते. पोर गेली असं समजल्यावर आईला शांत वाटतं, ही कसली कृपा?

दार उघडलं. नलू जिवंत होती. मेट्रनने तिला ढकलगाडीवर उशांना टेकवून बाहेर आणलं. गळ्याला पट्टी, ओठ गुलाबी. श्वासाची शिट्टी बंद झाली होती. कितीतरी महिन्यांनी माझी मुलगी आवाज न करता श्वास घेत होती, आणि मला ते आधी समजलंच नाही; मी तो आवाज शोधत राहिले. तिने मला पाहून तोंड उघडलं. ओठ हलले. बाहेर आली ती नुसती हवा.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. नळी मोकळी झाली आहे, असं म्हणाले. पण एका बाजूची नस त्या कडक भागात पुरती गुरफटलेली होती. तिला सोडवता सोडवता आवाज गेला. तिथे थांबले असते तर नळी अर्धवट आवळलेली राहिली असती. “मला निवडावं लागलं,” ते म्हणाले. नंतर आम्हाला समजलं, की आवाज गेल्यावर त्यांनी “मुलगी शुद्धीवर आहे ना?” असं विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “चालू द्या. ओठ हलताहेत, हिशेब बरोबर आहे.” त्या नलूच्या ओठांवरून उत्तरं वाचत होत्या. शेवटपर्यंत तिचा एकही पाढा चुकला नाही.

तुमचे आजोबा धावत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात समारंभातला हार तसाच होता, हातात नारळ. डॉक्टर रक्तस्रावाच्या भीतीने नलूपाशी बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेले. जाताना नव्याने आलेल्या एका औषधाची चिठ्ठी लिहून दिली, त्याने उरलेली गाठ हळूहळू मऊ पडली. ग्रंथी पुरती निकामी झाल्याने आत्या आजही रोज सकाळी एक गोळी घेते, ती तुम्ही पाहिलीच असेल. त्यांची आमची पुन्हा भेट झाली नाही. त्या धावपळीत मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

नलूच्या गळ्यावर लक्ष ठेवायला हैदराबादचं इस्पितळ हवं होतं, म्हणून आजोबांनी इथेच राहण्याचा अर्ज केला. तो मंजूर झाला, पण ज्येष्ठतेच्या यादीत त्यांची जागा सगळ्यांच्या खाली गेली. त्या वयात ते तेलुगू बाराखडी गिरवत बसायचे आणि कालपरवा आलेल्या पोरांच्या हाताखाली काम करायचे. सगळे भाऊबंद तिकडे गेले. सणाला घर रिकामं वाटे. आम्ही इथे का राहिलो, त्याचं उत्तर हे.

आवाज परत येईल, असं वर्षभर सगळे म्हणत होते. आला तो एवढाच, तुम्ही ऐकता तेवढा. शाळेत मुली तिला ‘चोर’ म्हणत, हळू बोलते म्हणून. तिला शिक्षिका व्हायचं होतं; मुलाखतीत तिला मोठ्याने बोला म्हणाले, आणि तिथेच ते संपलं. एका स्थळाकडच्या बाईंनी तिच्यासमोरच विचारलं, “घरात आग लागली तर ही ओरडणार कशी?” पुढे ती प्रयोगशाळेत लागली आणि तिथे तिने नाव काढलं, पण तो रस्ता तिने निवडलेला नव्हता. ठरलेल्या वारी शस्त्रक्रिया झाली असती तर नस वाचली असती का? पुढच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं: सांगता येत नाही.

मंडळातल्या दोघी शहाण्या बायकांना मी एकदा हे थोडंसं सांगितलं. एक म्हणाली, “बघा, आवाज जाणार हे देवीला ठाऊक होतं, म्हणूनच तिने नाही म्हटलं.” दुसरी म्हणाली, “देवीने डॉक्टरांना चौकात उभं केलं.” दोन्ही खरं असेल. मग ती एकाच वेळी नाही म्हणते आणि वाटही करून देते, अशी देवी मला समजत नाही. सासूबाईंनी त्यानंतर कधी कौल लावला नाही. त्यांनी देवीला तोंड दिलं का, कसं दिलं, मी विचारलं नाही. आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात पुढे कित्येक वर्षं राहिलो. त्या नलूची वेणी घालायच्या, मी भाकऱ्या थापायची. मी त्यांना पुरती क्षमा केली नाही, आणि त्या थिएटरात गेल्या त्याबद्दल पुरते आभारही मानले नाहीत. दोन्ही अर्धवट राहिलं आणि त्या गेल्या.

हे सगळं आत्याचं आहे. म्हणून तुम्हाला पाठवण्याआधी काल दुपारी तिला वाचून दाखवलं. बाकावर बसून मी काय म्हणाले होते, ते तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिने कागद माझ्या हातातून घेऊन ते पान पुन्हा स्वतः वाचलं. मला वाटलं, तिला राग आला.

मग ती तिच्या त्या आवाजात म्हणाली, “आई, जीव ठेव आणि आवाज घे, असं मला कुणी विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.”

मी म्हणाले, “मग बरं झालं ना, बाळा.”

“हो,” ती म्हणाली. “पण विचारायला हवं होतं. आजीने देवीला विचारलं. डॉक्टर मला बाहेर पाठवून तुझ्याशी बोलले. तू माझ्या वतीने ‘घे’ म्हणालीस. मी तिथेच बसले होते, उत्तरं देत होते.”

रागाने नव्हती म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि उठून तिने माझ्या पायांवर शाल घातली.

मी रात्रभर विचार केला. शरण जावं, सगळं देवाच्या पायी वाहावं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. माझा हट्ट, माझा राग, माझा हिशेब मी त्या दिवशी देवीच्या पायी वाहिला, आणि जी शांतता मिळाली ती खोटी नव्हती. पण लेकरू माझं नव्हतं. वाहायचं ते आपलं स्वतःचंच वाहावं. दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याचा आवाज ओंजळीत घेऊन देवापुढे उभं राहायची वेळ आली, तर आधी त्याच्याकडे वळून पाहावं. तो तिथेच असतो, जवळच.

आज सकाळी दिवा लावला तेव्हा मी देवीजवळ काही मागितलं नाही आणि तिच्याशी भांडलेही नाही. त्या कानडी डॉक्टरांना, त्या मेट्रनबाईंना, हार घालून रस्त्यात उतरलेल्या त्या अनोळखी माणसाला नमस्कार केला. सासूबाईंनाही केला, मनापासून. आत्या मागे गोळी घेत उभी होती. मी तिला विचारलं, “नलू, हे पोरांना पाठवू का?” तिने आधी गोळी गिळली. मग तिने मान हलवली, म्हणून पाठवते आहे.